मालाची वाट (भाग ७) : उभ्या कागदाचे बळ

मागच्या आठवड्यात आपण, ज्यावर माल रचतात त्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का वाचायला शिकलो. गव्हाची ओंबी, देशाची दोन अक्षरे आणि लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवल्याची खूण. हा सगळा खटाटोप किड्यांपायी. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाडे पोखरणारा, लांब मिशांचा आशियाई भुंगा सापडला. तो मालाच्या लाकडी वेष्टनातून आला असावा, असे मानले जाते. त्याला आवरताना तिथली हजारो झाडे तोडावी लागली. अशा अनुभवांतून २००२ मध्ये कच्च्या लाकडाच्या वेष्टनासाठी आंतरराष्ट्रीय नियम झाला.

पुठ्ठ्याच्या पॅलेटला हा शिक्का लागत नाही. कागद होताना लाकडाचा पार लगदा होतो आणि तो तापलेल्या रुळांवर वाळतो. त्यातून अळी जिवंत निघणार नाही. म्हणजे भट्टी नको आणि ओझोनच्या थराला घातक असलेली मिथाइल ब्रोमाइडची धुरीही नको. निर्यातदाराला पुठ्ठा आवडतो त्याचे हे पहिले कारण.

पण पुठ्ठ्यावर शेकडो किलो माल राहतो कसा? वहीचा एक कागद घ्या. त्याला पंख्यासारख्या घड्या घाला आणि घड्या उभ्या राहतील असा टेबलावर ठेवा. वर एक पुस्तक अलगद ठेवा. पुस्तक राहते. आडवा असताना लगेच वाकणारा तोच कागद उभा राहिला की वजन पेलतो. त्याची एकच अडचण असते, तो कलंडू पाहतो. नालीदार पुठ्ठ्यात नाल्यांच्या दोन्ही बाजूंना सपाट कागद चिकटवलेला असतो, तो त्यांना कलंडू देत नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये नालीदार कागदाचे पेटंट घेतले गेले, ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी! कागदी पॅलेटमध्ये पुष्कळदा मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे असतात. तिथेही हेच, प्रत्येक घराची भिंत उभी.

हे एकदा कळले की खोकी रचण्याची आपली एक सवय डोळ्यांत खुपू लागते. आपल्याकडे खोकी विटांसारखी सांधेमोड करून रचतात. थर सरकत नाहीत, म्हणून ते भक्कम वाटते. पण खोक्यावरच्या वजनाचा मोठा वाटा त्याचे चार कोपरे पेलतात. सांधेमोड केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो आणि थप्पीची ताकद जवळजवळ निम्मी होऊ शकते. कोपऱ्यावर कोपरा ठेवावा, आणि थप्पी सरकू नये म्हणून कडांना पुठ्ठ्याचे कॉर्नर लावून पट्टी आवळावी. गोदामात माल फुटला की दोष पुठ्ठ्याच्या जीएसएमला (दर चौरस मीटरच्या वजनाला) दिला जातो. रचणाऱ्या माणसाला हे कोपऱ्यांचे गणित कोणी समजावून सांगितलेले नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सुटा माल भरायच्या मोठ्या खोक्याचे, म्हणजे बिनचे, गणित वेगळे. प्लास्टिकचे दाणे किंवा कलिंगडे सुटी भरली की ती भिंतींना बाहेर रेटतात. चौकोनी बिनची लांब भिंत मध्ये फुगते आणि फुगलेली भिंत उभी राहत नाही. म्हणून बिन अष्टकोनी करतात. भिंती आखूड होतात, कोपरे आठ मिळतात, आणि जाड थरांच्या पुठ्ठ्यात टनभर दाणेही राहतात.

आयकिया या फर्निचर कंपनीने २०१२ च्या सुमारास लाकडी पॅलेट सोडून कागदी घेतले. उंची जेमतेम ५ सेंटीमीटर, भार ७५० किलो. उंची घटली की त्याच ट्रकमध्ये जास्त माल मावतो. आणि पॅलेट परत आणायचे नसते. पोचल्या गावी ते खोक्यांबरोबर रद्दीत जाते आणि त्याचा पुन्हा लगदा होतो.

मग आपणही सरसकट पुठ्ठ्याकडे वळावे का? माझे उत्तर मालागणिक बदलते. पुण्याहून विमानाने जाणारे यंत्रांचे सुटे भाग घ्या. माल जड असल्याने भाडे प्रत्यक्ष वजनावर लागते. लाकडी पॅलेट सहज २० किलोंचे, कागदी पाचेक किलोंचे. उरलेल्या १५ किलोंचे विमानभाडे दर पॅलेटमागे वाचते. प्रवास थोड्या दिवसांचा, कोरडा आणि एकेरी. इथे पुठ्ठाच हवा.

नाशिकच्या द्राक्षांना मात्र मी लाकडीच पॅलेट सांगेन. रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये हवा थंड आणि दमट ठेवावी लागते, नाहीतर देठ सुकतात. कागद ती ओल पितो. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत गेली की पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. शिवाय पुठ्ठा सतत ओझ्याखाली असला की दिवसागणिक दबत जातो, आणि युरोपचा समुद्रप्रवास काही आठवड्यांचा. द्राक्षांची खोकी पुठ्ठ्याची असतातच. त्यांच्या तळाशीही पुठ्ठाच असेल, तर ओल दोन्हींना एकदम गाठते.

पावसाळ्यात तर कोरड्या मालालाही जपावे लागते. पुठ्ठा चिकटवतात बहुधा स्टार्चच्या खळीने, आणि खळ भिजली की नाल्या सुटतात. लाकडी पॅलेट ओल्या फरशीवर रात्रभर राहिले तर सकाळी पुसून घेता येते. कागदी पॅलेटचे पाय तोवर मऊ पडलेले असतात, आणि वर माल असल्यामुळे ते कोणाला दिसतही नाही.