दात्यांचे गणित

वाराणसीतील शिंदे घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद असून शेवटी दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणून सायकलरिक्षा यात्रेकरूंना मुख्य रस्त्यावरच सोडते. वाटेत चढ लागला, की अनेकदा चालक खाली उतरून रिक्षा हाताने ओढतो. यामागे केवळ त्याच्या शक्तीची मर्यादा नसते. वाहनातील दातेरी चक्रांचे प्रमाणही त्यास कारणीभूत असते. हे प्रमाण समजले, तर जुनी सायकलही आपल्या कामास साजेशी करून घेता येते.

समजा, पायडलजवळील चक्राला ४८ व मागील चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ दाते आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागील चाक २.६७ वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचे चक्र बसविल्यास हे अंतर ५ मीटरहून थोडे कमी होते. परंतु त्याच चढावर पायांना लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. दुधाच्या किटल्या किंवा धान्याचे पोते वाहणाऱ्यास हा फरक मोलाचा ठरतो.

बदली चक्र घेताना केवळ दाते मोजून भागत नाही. साध्या सायकलच्या साखळीत लगतच्या दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असते. नव्या चक्राचे दाते त्या मापाचे हवेत. बहुगिअरी सायकलीची साखळी अरुंद असते, म्हणून चक्राची जाडीही पाहावी. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. ते आटे जुळले पाहिजेत. पायडल मारताना ते अधिकाधिक घट्ट होत जाते, त्यामुळे ते काढण्यासाठी त्याच्या खाचांत बसणारा पाना लागतो. यासाठी जुना भाग सोबत नेऊन दुकानात ताडून पाहणे उत्तम. दाते वाढले, की साखळी आखूड पडू शकते. साखळी झिजलेली असेल, तर तीही बदलावी. नव्या साखळीच्या सलग २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. लांबी एक अष्टमांश इंचाने वाढली असल्यास ती साखळी नव्या दात्यांनाही झिजविते.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखाली सुधारित सायकलरिक्षा तयार केली. चालकाचे कष्ट हलके व्हावेत, म्हणून तिला गिअरची जोड देण्यात आली. त्यामागील तत्त्व हेच होते.

दाते बदलल्याने श्रम नाहीसे होत नाहीत. वेग थोडा कमी होतो आणि तोच भार पायांना पेलेल अशा लहान लहान वाट्यांत विभागला जातो. जो माणूस दिवसभर ओझे वाहून पोट भरतो, त्याच्यासाठी हे गणित कागदावरचे राहत नाही. संध्याकाळी त्याच्या गुडघ्यांत किती बळ उरेल, हे त्यावर ठरते.