बेससाठी परवडणारा प्रोसेसर: आधी खर्ज, मग करामती

दुकानात प्रोसेसर बघायला गेलं की खोक्यावर सगळ्यांत ठळक अक्षरांत इफेक्टांची संख्या छापलेली दिसते: साठ, सत्तर, नव्वद. बेस गिटार वाजवणाऱ्याने तो आकडा वाचावा आणि सोडून द्यावा. ऑर्केस्ट्रा असो, चर्चमधला गायनवृंद असो की कॉलेजचा रॉक बँड, बेसवाल्याला एका कार्यक्रमात लागणारे इफेक्ट एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. बघायचं ते हे, की मल्टी-इफेक्ट पेडलमधून गेल्यावर बेसचा खर्ज शिल्लक राहतो का आणि बाहेर पडलेला आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत धड पोचतो का. स्वस्त पेडल घेताना पुढे पस्तावायची वेळ येते ती बहुतेकदा या दोन गोष्टींमुळेच.

खर्ज कुठे हरवतो

चारतारी बेसची जाड ई तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झच्या आसपासचा स्वर निघतो. पाचतारी बेसची बी तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला, म्हणजे बेसच्या ई तारेपेक्षा एक सप्तक वर बोलते. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनचे बहुतेक प्रकार मुळात त्या वरच्या वाद्यासाठी घडले. आयबानेझचा गाजलेला ट्यूब स्क्रीमर घ्या: साधारण ७२० हर्ट्झच्या खाली त्याचं सर्किट आवाजाला कमी कमी धार देत जातं. गिटारवादकाला तेच हवं असतं, कारण खालचा गाळ निघून जातो आणि सूर मोकळा होतो. हाच इफेक्ट बेसवर लावला तर घरी एकट्याने वाजवताना झकास वाटतो. ड्रम सुरू झाले की बेस कुठे गेला ते शोधावं लागतं.

यावरचा इलाज जुना आणि सोपा आहे. फाटलेल्या आवाजासोबत मूळ स्वच्छ आवाजही जाऊ द्यायचा आणि दोन्हींचं प्रमाण आपण ठरवायचं. बॉसच्या ओडीबी-३ या बेस ओव्हरड्राइव्हवर ‘बॅलन्स’ नावाचा नॉब आहे तो याच कामासाठी. प्रोसेसरमध्ये हे ‘ब्लेंड’, ‘मिक्स’ किंवा ‘ड्राय’ अशा नावाने असतं. म्हणून पेडल हातात आलं की पहिली झडती डिस्टॉर्शनची घ्यावी: त्याच्या सेटिंगमध्ये मूळ आवाज मिसळायची सोय आहे का? नसेल तर त्या पेडलमधली डिस्टॉर्शनची डझनभर नावं बेससाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत, मग ती कितीही आकर्षक असोत.

कोरसचंही असंच. त्यात आवाजाची एक प्रत किंचित हलवून मूळ आवाजात मिसळतात. वरच्या स्वरांवर त्याने चमक येते, खालच्या स्वरांवर मात्र सूर डळमळल्यासारखा वाटतो. कोरसला ‘लो कट’ असेल, म्हणजे खालचा भाग तो न हलवता तसाच सोडत असेल, तर तो बेसच्या कामाचा.

खरोखर लागणारे इफेक्ट

पहिला कॉम्प्रेसर. तो आहे हे श्रोत्याला कळतही नाही आणि तो काढला की बँडला लगेच जाणवतं. बोटांनी वाजवताना एक स्वर जोरात पडतो, दुसरा दबतो; अंगठ्याने स्लॅप मारला तर फरक आणखी वाढतो. कॉम्प्रेसर एका ठरावीक पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वरचा आवाज दाबतो. रेशो ४:१ ठेवला तर त्या पातळीच्या वर ४ डेसिबल चढलेला आवाज बाहेर पडताना १ डेसिबलच चढलेला असतो. यात ‘अटॅक’ची वेळ हातात असणं फार महत्त्वाचं आहे. अटॅक अतिजलद ठेवला तर बोटाचा पहिला ठोकाच चिरडला जातो आणि बेस कापसात गुंडाळल्यासारखा वाजतो. ३० ते ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाने ठरवावं. स्वस्त पेडलांत एकाच नॉबचा कॉम्प्रेसरही असतो. तो चालतो, पण थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक आणि रिलीज वेगवेगळे देणारा असेल तर तोच वापरायला शिकावं.

दुसरा प्रीॲम्प, म्हणजे एखाद्या ॲम्प्लिफायरची नक्कल. १९६९ साली आलेला अँपेगचा एसव्हीटी हा ३०० वॉटचा ॲम्प आणि त्याखालचं दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट, या जोडीची नक्कल जवळपास प्रत्येक बेस प्रोसेसरमध्ये सापडते. आवाज थेट मिक्सरला किंवा हेडफोनला जाणार असेल तर कॅबिनेटची नक्कल चालू हवी. स्टेजवर खऱ्या बेस ॲम्पमध्ये वायर लावणार असाल तर ती बंद करावी, नाहीतर एका कॅबिनेटवर दुसरं कॅबिनेट चढतं आणि आवाज घुसमटतो. ‘प्रोसेसर घेतल्यापासून आवाज मेला’ अशी तक्रार ऐकू आली तर बऱ्याचदा हे एवढंच कारण निघतं.

मौजेचे इफेक्ट दोन. एक ऑटो-वाह, ज्याला एन्व्हलप फिल्टरही म्हणतात. १९७२ साली आलेला म्यू-ट्रॉन ३ हा त्यातला मूळपुरुष, आणि अमेरिकी फंकमधल्या बूट्सी कॉलिन्सने त्याचा आवाज बेसवाल्यांच्या कानात बसवला. हा फिल्टर तुम्ही तार किती जोरात छेडता त्यावर उघडझाप करतो, म्हणून साखळीत तो कॉम्प्रेसरच्या आधी ठेवावा. आधीच सपाट केलेल्या आवाजावर तो आळसावतो. यासाठी इफेक्टांचा क्रम बदलता येणं गरजेचं आहे.

दुसरा ऑक्टेव्हर, जो वाजवलेल्या स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर तयार करतो. ४१ हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात आणि स्वर कोणता हे ओळखायला यंत्राला निदान तेवढा वेळ हवा. त्यामुळे जाड तारेवर स्वस्त ऑक्टेव्हर अडखळतो, गुरगुरतो. शिवाय मोकळ्या ई तारेच्या एक सप्तक खाली गेलात तर २० हर्ट्झ येतात, जे बहुतेक स्पीकरांना काढताच येत नाहीत. ऑक्टेव्हर तपासायचा तो डी आणि जी तारांवर, पाचव्या-सातव्या पडद्याच्या पुढे.

रिव्हर्ब, डिले, फ्लँजर आहेत म्हणून चिमूटभर वापरा. लूपर आणि तालाचे ठेके सरावाला उत्तम, पण केवळ त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. फोनवर ती सोय होते.

मिक्सरकडे जाणारी वायर

आपल्याकडच्या मंडपात किंवा छोट्या हॉलमध्ये बेस ॲम्प मिळेलच असं नाही. साउंडवाला एक वायर पुढे करतो आणि म्हणतो, ‘यात लावा.’ मिक्सर वीस-पंचवीस मीटर दूर असतो. साध्या जॅकची वायर एवढ्या अंतरात वाटेतला गोंगाट गोळा करते; तीन पिनांच्या एक्सएलआर वायरमधून जाणारा बॅलन्स्ड आवाज तो झटकून टाकतो. म्हणून पेडलला एक्सएलआरचं डीआय, म्हणजे थेट मिक्सरला जोडायचं, आउटपुट असणं ही मोठी गोष्ट आहे. स्वस्त मॉडेलांत बहुधा हेच गाळलेलं असतं. अशा वेळी वेगळा डीआय बॉक्स घ्यावा, आणि पेडलची किंमत मोजताना त्याचाही खर्च धरावा.

डीआयवर अर्थिंगची घरघर तोडणारं ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण आहे का तेही पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग बिघडलं की जी घरघर येते ती याच ५० वर आणि तिच्या पटींवर. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी स्वर ४९ हर्ट्झचा, म्हणजे घरघर थेट आपल्याच गल्लीत येऊन बसते. ती इक्वलायझरने कापायला गेलात तर स्वरही कापला जातो. नॉइज गेटने ती फक्त तुम्ही थांबलात की लपते.

घरचा आवाज आणि स्टेजचा आवाज

१९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज हळू असताना कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. रात्री हेडफोनवर सेटिंग करताना म्हणूनच बेसचा नॉब आपसूक वर जातो. तेच सेटिंग मोठ्या आवाजात लावलं की सगळा हॉल घुमतो. पॅच, म्हणजे साठवलेली सेटिंग्ज, घरी बनवावेत, पण त्यांची पातळी तालमीत, ड्रमरसोबत, खऱ्या आवाजात जुळवावी. सगळ्या पॅचना एकदम लागू होणारा ग्लोबल इक्वलायझर पेडलमध्ये असेल तर अनोळखी जागी तो फार उपयोगी पडतो.

बाजारातले पर्याय

झूमचा बी१ फोर हा सुरुवातीचा सरळ पर्याय. एका वेळी पाच इफेक्ट, ठेके, ३० सेकंदांचा लूपर, चार पेन्सिल सेलवर चालणारा. पायाचं एक्स्प्रेशन पेडल हवं असेल तर तेच यंत्र बी१एक्स फोर या नावाने मिळतं. उणिवा स्पष्ट आहेत: एक्सएलआर नाही आणि यूएसबीमधून आवाज रेकॉर्ड होत नाही. सरावासाठी आणि छोट्या कार्यक्रमांसाठी मी तरी याच्यापुढे जायची घाई करणार नाही.

बॉसचा जीटी-१बी २०१७ साली आला. किंमत बी१ फोरच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून जास्त. यूएसबी थेट ऑडिओ इंटरफेस म्हणून चालतो, एक्स्प्रेशन पेडल अंगातच आहे आणि ओव्हरड्राइव्ह जास्त पिकलेले आहेत. एक्सएलआर मात्र यालाही नाही. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने हा घ्यावा.

झूमचा एमएस-६०बी एका साध्या पेडलएवढा. एका वेळी चार इफेक्ट, पण पायाचं बटण एकच. एखादा चांगला ओव्हरड्राइव्ह आधीच असेल तर त्याच्या शेजारी ठेवायला छान. एकटाच सगळा कार्यक्रम निभावून नेईल ही अपेक्षा नको.

व्हॅलेटनचा जीपी-१०० किंवा मूअरचा जीई१५० यांसारखी चिनी यंत्रं मुख्यतः गिटारसाठी आहेत, पण बाहेरून कॅबिनेटच्या आयआर फाइली, म्हणजे त्यांच्या आवाजाचे डिजिटल ठसे, भरता येतात. चांगल्या बेस कॅबिनेटची फाइल टाकली तर ती अनपेक्षितपणे बरी वाजतात.

आणि एक पर्याय प्रोसेसरच्या रांगेत नसलेला: बेहरिंगरचा बीडीआय२१. टेक २१ कंपनीच्या सॅन्सअँप बेस ड्रायव्हरची ही स्वस्त नक्कल. यात कॉम्प्रेसर नाही, ऑक्टेव्हर नाही. प्रीॲम्प, ब्लेंडचा नॉब आणि एक्सएलआर आउटपुट एवढंच आहे. ज्याला फक्त भरीव आवाज मिक्सरपर्यंत न्यायचाय, त्याचं काम इथेच संपतं. बी१ फोरच्या पुढे हा लावला तर दोघांच्या उणिवा एकमेकांत भरून निघतात, आणि मला हीच जोडी सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

वीज

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला ॲडॉप्टर लागतो. घरातला कुठलाही पिन बसणारा ॲडॉप्टर लावून बघू नये. किबोर्डचा उलट पिनेचा ॲडॉप्टर पेडल जाळू शकतो. शिवाय डिजिटल पेडलांना करंट जास्त लागतो. बी१ फोरला ५०० मिलिअँपिअरचा ॲडॉप्टर सांगितलेला आहे. मंडपातल्या जनरेटरची घरघर फारच झाली तर सेलवर चालणारं पेडल तेवढ्यापुरतं वाचवतं.

दुकानात आणि सेकंडहँड घेताना

मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात गेलात तरी स्वतःचा बेस आणि स्वतःची वायर घेऊन जा. मोकळी ई तार छेडा, ती घुमत असताना इफेक्ट चालू-बंद करा आणि फक्त खालचा भाग ऐका. एक लांब स्वर धरून पॅच बदला. मध्ये आवाज क्षणभर तुटला तर गाण्याच्या मधोमध तो तसाच तुटणार. ॲक्टिव्ह बेस असेल तर सगळे नॉब वर करून जोरात वाजवा आणि इनपुट फाटतोय का पाहा. ट्यूनर पाचव्या तारेवर चाचपडतो का तेही.

सेकंडहँडमध्ये २०११च्या सुमाराचा झूम बी३ दिसला तर थांबून बघण्यासारखा आहे. त्याला एक्सएलआर आउटपुट होतं आणि तो ऑडिओ इंटरफेस म्हणूनही चालायचा. नंतरच्या बी३एनमध्ये या दोन्ही सोयी काढल्या गेल्या. जुनं पेडल घेताना सेलचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरी गळती नाही ना ते पाहावं, जॅक लावून हलवून खरखर येते का ऐकावं, पायाची बटणं प्रत्येकी दहा-वीसदा दाबावीत आणि मूळ ॲडॉप्टर सोबत मागून घ्यावा.