अलीझे विमान

अलीझे विमान : विमानवाहू नौकेवरून उड्डाण करणारे फ्रेंच बनावटीचे पाणबुडीविरोधी व हलके बाँबफेकी विमान. ‘अलीझे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ व्यापारी वारे. ब्रेगे कंपनीच्या या विमानाचे पहिले उड्डाण १९५६ मध्ये झाले. भारतीय नौदलाने ते विक्रांत नौकेसाठी घेतले व त्यासाठी २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समध्ये ३१० क्रमांकाचे विमानपथक उभारले. पुढे गोव्यातील दाबोळी येथील ‘हंसा’ हा तळ या पथकाचे ठाणे झाला.

विमानात एकच टर्बोप्रॉप एंजिन असून चालक, मार्गदर्शक व रडारचालक असे तिघे बसत. पोटाखाली उतरविता येणारे रडार, पाण्याखालील आवाज टिपणारे तरंगते ध्वनिग्राहक, पाणतीर, बाँब व अग्निबाण ही त्याची साधने होत. शत्रूच्या विमानांशी लढण्यासाठी तोफा मात्र त्यावर नव्हत्या.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरील अलीझे विमानांनी पूर्व बंगालमधील बंदरांवर हल्ले केले. अरबी समुद्रात हीच विमाने किनाऱ्यावरील धावपट्ट्यांवरून गस्त घालीत. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळील समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने पाणतीर मारून ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. या पाणबुडीचा शोध सुरू असताना १० डिसेंबर रोजी एक अलीझे विमान पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही व विजयन हे तिघे त्यात होते. ते परतले नाहीत. हंगोर मात्र निसटून कराचीस पोहोचली.

पाणबुडीचा माग काढणाऱ्या विमानाला त्याच त्या टापूवर कमी उंचीवरून व संथ गतीने फेऱ्या घालाव्या लागतात. त्यामुळे त्याचा ठाव शत्रूला लागू शकतो. अलीझेचा वेग ताशी सु. ५०० किमी., तर स्टारफायटरचा ध्वनिवेगाच्या दुप्पट. म्हणून लढाऊ विमानांची सोबत नसेल, तर शत्रूच्या विमानतळांच्या टप्प्यात असे विमान जवळजवळ असहाय ठरते. नौदल, हवाई दल व किनाऱ्यावरील तळ यांचा मेळ सागरी युद्धात किती निर्णायक असतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

लांब पल्ल्याची सागरी टेहळणी तेव्हा हवाई दलाकडे होती. १९७६ मध्ये ती नौदलाकडे आली व १९७७ मध्ये रशियन बनावटीची इल्यूशिन-३८ विमाने नौदलात दाखल झाली. भारतीय नौदलातून अलीझे १९९१ मध्ये निवृत्त झाले. गोव्यातील नौदल विमानविद्या संग्रहालयात त्याचा नमुना जतन केलेला आहे, तर खुकरीवरील मृतांचे स्मारक दीव येथे आहे. [⟶ पाणबुडी, विमानवाहू जहाज].