बंधारा, चुंबळ आणि दहावीचं विज्ञान

जानेवारी उजाडला की गटाच्या बैठकीत हप्ता आणि कर्जाबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे दहावीची परीक्षा. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांची मिळून आपली कोल्हापूर विभागीय मंडळाची हद्द. इथली हजारो मुलं-मुली दरवर्षी या परीक्षेला बसतात. मुलाचा पेपर अवघड गेला तर त्याला पुन्हा बसवतात. मुलगी गणित-विज्ञानात मागं पडली की मात्र बऱ्याच घरांत तिची शाळा थांबते आणि स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून आजचा विषय विज्ञानाचा आहे: गती, बल आणि दाब.

तुम्ही म्हणाल, "आम्ही सातवीत शाळा सोडली, आम्ही काय शिकवणार?" तुम्हाला शिकवायचं नाही, ते काम सरांचं आणि बाईंचं. तुम्हाला फक्त उजळणी घ्यायची आहे. लेकीनं सांगायचं, तुम्ही ऐकायचं आणि पटलं नाही तर "का गं?" म्हणून विचारायचं. जे दुसऱ्याला समजावून सांगता येतं, ते परीक्षेत लिहिताही येतं.

दहावीच्या विज्ञानाचे लेखी पेपर दोन, प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे. बाकीचे २० गुण प्रात्यक्षिकाचे. आत्ताच्या पुस्तकात भाग १ मधलं पहिलंच प्रकरण 'गुरुत्वाकर्षण' आहे. त्याचा पाया आठवीच्या 'बल व दाब' आणि नववीच्या 'गतीचे नियम' या धड्यांत आहे. तो पाया कच्चा असेल तर दहावीचं पहिलंच प्रकरण डोक्यावरून जातं. त्यामुळे उजळणी तिथूनच सुरू करायची.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. या धड्यांतले बरेच शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातलेच आहेत, पण पुस्तकात त्यांचा अर्थ काटेकोर असतो. मुलींचे मार्क जातात ते या फरकात. अशा जोड्या एकेक करून पाहू.

पहिली जोडी चाल आणि वेग. घरापासून पाण्याचा नळ २०० मीटरवर आहे. लेक गेली आणि कळशी भरून त्याच वाटेनं परत आली. तिनं कापलेलं अंतर ४०० मीटर. पण निघाली तिथंच ती परत आली, म्हणून तिचं विस्थापन शून्य. जाण्यायेण्यात ४०० सेकंद लागले असतील, तर सरासरी चाल सेकंदाला १ मीटर आणि सरासरी वेग शून्य. तिला विचारा, "एवढं चाललीस आणि वेग शून्य कसा?" तिनं उत्तर दिलं पाहिजे की चालीला दिशा नसते आणि वेगाला दिशा असते. पुस्तकात यालाच अदिश आणि सदिश म्हणतात. हा वेग दर सेकंदाला जितका बदलतो, ते त्वरण.

दुसरी जोडी वस्तुमान आणि वजन. दुकानात आपण "वजन ५ किलो" म्हणतो. विज्ञानात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला जेवढ्या बलानं ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. वस्तुमानाला ९.८ नं गुणलं की पृथ्वीवरचं वजन मिळतं. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या बाईचं वजन ५८८ न्यूटन. ती चंद्रावर गेली तर वस्तुमान ६० किलोग्रॅमच राहील, पण चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण सहाव्या भागाइतकी असल्यामुळं वजन सुमारे ९८ न्यूटन भरेल. याला जोडून आणखी एक प्रश्न येतो: जड वस्तू आधी पडते का? पान हळू पडतं ते हवेच्या अडथळ्यामुळं. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं. तिथं हवा नाही, म्हणून दोन्ही बरोबरच खाली पडलं.

आता न्यूटनचे तीन नियम. पहिला नियम जडत्वाचा, आणि तो आपल्याला रोज एसटीत भेटतो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आपलं अंग पुढं जातच राहतं. बाहेरून बल लागल्याशिवाय थांबलेली वस्तू हलत नाही आणि चाललेली वस्तू थांबत नाही, हा तो नियम. दुसरा नियम समजायला उसाचा ट्रॅक्टर बघा. रिकामी ट्रॉली पटकन वेग घेते आणि पटकन थांबते. भरलेल्या ट्रॉलीला त्याच इंजिनावर वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही लांबची जागा लागते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. २० किलोग्रॅमच्या वस्तूला सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद असं त्वरण द्यायचं, तर ४० न्यूटन बल हवं. भरल्या ट्रॉलीच्या पुढून पोरांनी सायकल का घालू नये, हेही याच नियमात आलं.

तिसरा नियम क्रिया-प्रतिक्रियेचा. चालताना आपला पाय जमिनीला मागं ढकलतो आणि जमीन आपल्याला तेवढ्याच बलानं पुढं ढकलते. रोपलागणीच्या चिखलात पाय निसटतो, कारण तिथं जमिनीला नीट मागं रेटता येत नाही. इथं लेकीला एक खोचक प्रश्न टाका: "दोन्ही बलं सारखी आणि उलट दिशेनं, मग ती एकमेकांना खोडून का टाकत नाहीत?" उत्तर असं की ती एकाच वस्तूवर नसतात. एक बल जमिनीवर लागतं, दुसरं आपल्यावर. हे वाक्य पेपरात आलं की तपासणाऱ्याला समजतं, हिला कळलेलं आहे.

शेवटची जोडी बल आणि दाब. यात तर आपण बायका मुरलेल्या आहोत. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ का ठेवतो? भार तोच, पण तो जास्त जागेवर पसरतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, भरल्या घागरीचं वस्तुमान १५ किलोग्रॅम, म्हणजे वजन १४७ न्यूटन. चुंबळ नसताना ती २० चौरस सेंटिमीटरवर टेकली, तर दाब ७३,५०० पास्कल. चुंबळीमुळं १०० चौरस सेंटिमीटरवर टेकली, तर दाब १४,७०० पास्कल, म्हणजे पाचपट कमी. विळीचं उलट असतं. तिची धार बारीक, म्हणून थोड्या जोरातही दाब जास्त पडतो आणि भाजी चटकन चिरली जाते. या गणितात एक खड्डा आहे. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १० हजारांनी भागायचं असतं. मुली घाईत १०० नं भागतात आणि सगळं बरोबर असूनही उत्तर चुकतं.

पाण्याचा दाब शिकायला तर आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' महाराष्ट्रभर आपल्याच नावानं ओळखला जातो. पावसाळा सरला की खांबांच्या मध्ये बरगे बसवून पाणी अडवतात आणि पुराआधी ते काढून घेतात. यातल्या सगळ्यात खालच्या बरग्यावर सगळ्यात जास्त दाब असतो. द्रवाचा दाब म्हणजे खोली गुणिले घनता गुणिले ९.८. पाण्याची घनता १,०००, म्हणून १ मीटर खोलीवर पाण्यामुळं ९,८०० पास्कल आणि ३ मीटरवर २९,४०० पास्कल दाब पडतो. मागं पाणी किती लांबवर साठलंय याच्याशी या दाबाचा संबंध नाही, फक्त खोलीशी आहे. धरणाची भिंत पायाशी रुंद आणि वर निमुळती असते ती त्यामुळंच. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच जोरानं ते आपोआप उघडतात. पेपरात दाबाचं उदाहरण मागितलं तर लेकीनं हे बिनधास्त लिहावं.

आता उजळणी कशी घ्यायची ते सांगते. रोज संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एकच जोडी. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न: व्याख्या काय, एकक काय, घरातलं उदाहरण कोणतं? मग एक गणित, पण चार पायऱ्यांत. आधी दिलेली माहिती, मग सूत्र, मग किमती घालून आकडेमोड, शेवटी एककासह उत्तर. एकक लिहिलेलं आहे का, हे तुम्ही अक्षरओळखीवरही तपासू शकता. तिला उत्तर आलं नाही तर रागवू नका. वहीत खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला सांगा. जिच्या घरी टीव्हीचा आवाज आणि पाहुण्यांची वर्दळ असते, तिच्यासाठी गटाच्या बैठकीची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा. चार मुली एकत्र बसल्या की एकमेकींना विचारतात.

आणि एखादी नापास झालीच, तर लगेच दुसऱ्या गोष्टी ठरवू नका. जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, त्यात राहिलेला विषय सोडवता येतो. ज्यांची स्वतःची शाळा मध्येच सुटली, त्या आपल्या मैत्रिणींनाही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. लेकीची उजळणी घेता घेता तुमचीही तयारी होऊन जाईल. फॉर्मच्या तारखा जवळच्या हायस्कूलमध्ये विचारून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.

आज चुलीपुढं बसल्यावर लेकीला पहिला प्रश्न विचारा: "चुंबळीनं डोकं का दुखत नाही, सांग की." तिचं उत्तर शेवटपर्यंत ऐका.