नोंदच झाली नाही, तर आठवणार काय?

‘‘चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. हा विस्मरणाचा आजार तर नसेल?’’ साठी ओलांडलेले कितीतरी जण ही भीती बोलून दाखवतात. त्यांना मी सांगतो, पुष्कळदा यात दोष स्मरणशक्तीचा नसतो, अवधानाचा असतो. चष्मा ठेवताना हात टेबलाकडे होता आणि मन मुलाच्या फोनकडे. मेंदूत नोंदच झाली नाही! वाढत्या वयात एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणं जड जातं, म्हणून अशा नोंदी जास्त निसटतात.

अवधान आणि स्मरण यांचं हे नातं आपल्या मावळाला नवं नाही. भाजे, कार्ले, बेडसे इथली लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. त्यांच्या साधनेतला ‘सति’ हा पाली शब्द म्हणजे संस्कृतातली ‘स्मृती’. इंग्रजीत त्यालाच ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी त्यावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बेतला. पण त्याआधीच, १९२४ मध्ये, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली होती.

मग उतारवयात अशा सरावाने लक्ष सुधारतं का? २०१४ मध्ये आपल्याकडचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी महिनाभर त्राटक, म्हणजे ज्योतीवर नजर स्थिर करण्याचा सराव केला. अवधानाच्या चाचण्यांत ते सरस ठरले. प्रयोग मात्र छोटा होता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ६५ ते ८४ वयाचे, विसराळूपणाची तक्रार असलेले ५८५ जण होते. दीड वर्षानंतरही माइंडफुलनेसमुळे त्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा वाढलेली दिसली नाही.

याचा अर्थ एवढाच, की हा सराव आहे, औषध नव्हे. मन शांत होत असेल तर रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देत जरूर बसा. त्राटक करायचं तर काचबिंदू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि वस्तू ठेवताना क्षणभर थांबून मोठ्यानं म्हणा, ‘‘चष्मा फ्रिजवर ठेवला.’’

मात्र ओळखीचा रस्ता चुकू लागला, नेहमीचा हिशेब जमेना, तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारला जाऊ लागला, तर ध्यानाच्या भरवशावर राहू नका. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, ऐकू कमी येणं, अशी कारणंही असू शकतात, आणि त्यांवर उपाय आहेत. तपासणी वेळेवर व्हायला हवी.