प्रकाशाचा भार आणि मराठवाड्याचे अभियंते

जालन्याचे नाव निघाले म्हणजे लोखंडी सळयांचे कारखाने आणि बी-बियाण्यांचा व्यापार डोळ्यांपुढे येतो. परंतु याच मराठवाड्यात, परभणी जिल्हा ओलांडल्यावर लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, ज्योतिर्लिंगासाठी विख्यात असलेल्या औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वलहरींचा, म्हणजे अवकाश-काळातील तरंगांचा, वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१६ साली तत्त्वतः, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह अंतिम मंजुरी दिली, ही गोष्ट जालन्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याने आपल्या भवितव्याशी जोडून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

अशा वेधशाळेत एक गोष्ट विसरून चालत नाही: प्रकाश पदार्थाला ढकलतो. धूमकेतूचे पुच्छ सूर्यापासून दूर का वळते, याचा विचार करताना केप्लरने सतराव्या शतकात हा तर्क केला. मॅक्सवेलने त्यास गणिताचे अधिष्ठान दिले. आणि १९०१ च्या सुमारास रशियात लेबेदेव्ह यांनी व अमेरिकेत निकोल्स आणि हल यांनी तो दाब प्रत्यक्ष मोजला. एरवी नगण्य असलेला हा दाब, दोन आरशांमधील पोकळीत प्रकाश शेकडो वेळा ये-जा करू लागला म्हणजे लक्षणीय होतो. आरसा किंचित सरकला की पोकळीतील प्रकाशाचे प्रमाण बदलते, त्यामुळे दाब बदलतो, आणि प्रकाश आरशाच्या कंपनास कधी चेतवितो, कधी शमवितो. या परस्परसंबंधाचा विचार करणारे शास्त्र म्हणजे पोकळीतील प्रकाशयांत्रिकी. त्याच्या आद्य प्रवर्तकांत मॉस्कोच्या ब्रागिन्स्की यांची गणना होते.

लायगो-इंडियाच्याच धर्तीच्या, अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत चाळीस किलो वजनाचे आरसे काचतंतूंनी टांगलेले आहेत. भुजेत तीन लाख वॅट प्रकाश साठला, तर त्याचा आरशावरील रेटा जोंधळ्याच्या सहा-सात दाण्यांच्या भाराइतकाच भरतो. तथापि जेथे गुरुत्वलहरीमुळे होणारी, प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म हालचाल टिपावयाची आहे, तेथे हा रेटा आरशाचा कल बिघडवू शकतो, म्हणून नियंत्रणयंत्रणेस तो अहोरात्र सावरावा लागतो.

अशी वेधशाळा चालविण्याचे काम एकट्या भौतिकशास्त्रज्ञाचे नव्हे. सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या, कित्येक किलोमीटर लांब पोलादी नळ्या निर्वात राखणारा वेल्डिंगचा व पंपांचा जाणकार, जमिनीचा कंप अडविणारा यंत्र अभियंता, संकेतांतून गोंगाट वेगळा काढणारा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक, हे सारे तेथे अपरिहार्य आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी अशाच गोंगाटातून गुरुत्वलहर ओळखण्याच्या गणिती पद्धती विकसित केल्या. आणि पोकळीतील प्रकाशयांत्रिकीची विद्या चिपवरील सूक्ष्म त्वरणमापकांतही उपयोगी पडते.

यासाठी जालन्याच्या तरुणाने हातचा धंदा सोडावयाचा नाही. धातू, कंपन आणि मापन हे त्याच्या परिसरातील कारखान्यांचे नित्याचेच विषय आहेत. त्यांना लेसर, निर्वात तंत्र व नियंत्रणशास्त्र यांच्या पद्धतशीर अध्ययनाची जोड महाविद्यालयांनी आजच दिली, तर हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या वेधशाळेत मराठवाड्याचा अभियंता प्रेक्षक म्हणून नव्हे, जबाबदार तज्ज्ञ म्हणून प्रवेश करील.