गेम रंगात आला की कॉम्प्युटर बंद पडतो? ‘बोर्ड गेला’ म्हणायच्या आधी हे बघा

मालगुंड : मुंबईच्या काकाने नवीन घेतला म्हणून जुना गावी पाठवला, असे गेमिंग कॉम्प्युटर आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आहेत. सात-आठ वर्षं वापरलेले, पण आत ग्राफिक कार्ड असलेले. पोरं त्यावर गेम खेळतात हे खरं, पण कॉलेजचे फॉर्म, प्रोजेक्ट, सातबाऱ्याचे उतारे हेही त्याच्यावरच निघतात. तो अचानक बंद पडायला लागला की घरात दोनच मतं असतात. आई म्हणते गेम बंद करा, आणि दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड गेला. बोर्ड बदलायचा म्हणजे बऱ्याचदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. तो खर्च करण्याआधी घरच्या घरी पुष्कळ काही कळू शकतं.

पहिली गोष्ट म्हणजे तो बंद कसा पडतो ते नीट बघा. सगळ्यात मोठा सुगावा तिथेच असतो. प्लग उपटल्यासारखा फट्कन बंद होत असेल तर संशय वीज किंवा एसएमपीएसवर. गेम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, पंखे जोरात ओरडल्यावर बंद होत असेल तर तापमान. निळा पडदा येऊन परत चालू होत असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा हार्ड डिस्क. आणि शेजारचा पंप लागल्यावर किंवा संध्याकाळी बल्ब मंद झाल्यावर बंद होत असेल तर कॉम्प्युटर उघडायचीच गरज नसेल. एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय चालू होतं, लाईट हलली का, एवढंच लिहा. आठवडाभरात चित्र दिसायला लागतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते आणि काहीजण तीच दाखवून पॉवरचा पार्ट गेला म्हणून सांगतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं ते ती सांगत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बंद पडतो का, असंही विचारतात. नाही. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे अपडेट थांबले, मशीन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही.

आता वीज. यात यूपीएसकडे कोणाचं लक्ष जात नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, तोही बॅटरी चांगली असेल तर. नुसता ब्राउझर चालू असताना तो लाईटचा झटका सांभाळून घेतो. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही पूर्ण जोर लावतात, त्याच क्षणी लाईट चमकली की जुनी बॅटरी मान टाकते. आपल्याला वाटतं कॉम्प्युटर बंद पडला, पडलेला असतो यूपीएस. वीज स्थिर असेल अशा वेळी दोन-तीन दिवस यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या प्लगवर चालवून बघा. एक्स्टेन्शन बोर्डही मध्ये नको. ढिला सॉकेट, काळी पडलेली पिन, यातूनही हाच प्रकार होतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र चालढकल नको. अर्थिंग तुटलेलं किंवा नावापुरतं असल्याची ती खूण आहे. आपली जमीन जांभ्याची, कातळाची. उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी झाली की अर्थिंगचा जोर कमी होतो. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतलं तर फरक पडतो, पण तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

तापमानाचं दुखणं आपल्याकडे जरा वेगळं आहे. शहरात नुसती धूळ असते, इथे तांबडी माती, खारा वारा आणि दमट हवा. तिन्ही मिळून प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखा थर बसतो आणि नुसत्या फुंकरीने तो जात नाही. एचडब्ल्यूमॉनिटरसारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना आकडा बघा. ७० ते ८५ अंशांपर्यंत काळजी नाही. डेस्कटॉपच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या काहींची ९०-९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी गरमी वाढली तर मशीन बंद करतो. म्हणजे बंद होणं हा इथे बिघाड नाही, बचाव आहे.

साफ करताना प्लग काढून ठेवा, कोरडा मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा भिरभिरला तर खराब होऊ शकतो. ओलं फडकं आत अजिबात नको. इतक्या वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली असते. काही शे रुपयांची ट्यूब येते. जमत नसेल तर जाणकाराकडून लावून घ्या.

तापमान ठीक, प्लग ठीक, तरी गेममध्ये फट्कन बंद होतो, असं असेल तर एसएमपीएस बघा. त्यातले कपॅसिटर वर्षांगणिक सुकत जातात आणि नवीन असताना पेललेला भार पेलवेनासा होतो. ग्राफिक कार्डाकार्डात फरक असतो. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटचं, तर आरएक्स ५८० हे १८५ वॉटचं. जुन्या मशीनमध्ये कोणी हौसेने नंतर मोठं कार्ड बसवलं असेल तर उत्तर तिथेच आहे. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून काही दिवस चालवा, नाहीतर मित्राचा एसएमपीएस दोन दिवस उसना आणा. एसएमपीएसचा डबा मात्र कोणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. नवीन घेताना नुसता वॉटचा आकडा बघून स्वस्तातला लोकल माल घेऊ नका. तो जाताना बोर्डालाही सोबत नेऊ शकतो.

निळा पडदा वारंवार येत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या कोऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि परत घट्ट बसवा. खाऱ्या हवेने तिथे थर धरतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, खराब कोणती ते कळेल. तारीख-वेळ चुकीची दाखवत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपलाय. तो बदला, पण तेवढ्याने बंद पडणं थांबेल अशी आशा धरू नका.

एवढं सगळं करूनही बंद पडत असेल तर मग रत्नागिरीला न्या, आणि आरे-वारेवरून कॅबिनेट मांडीवर घेऊन जाताना ती वहीही सोबत ठेवा. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात एसी आणि स्थिर वीज असते, तिथे मशीन दिवसभर सुरळीत चालतं आणि ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून परत येतं. वहीतल्या नोंदी बघून निदान कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेल.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालून महिनाभर कोपऱ्यात ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. रोज तासभर चालू ठेवला तर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. समुद्राकडच्या खिडकीपासून लांब आणि जमिनीपासून हातभर वर ठेवा. वळवाचा आणि परतीचा पाऊस गडगडायला लागला की प्लगसोबत नेटची केबलही काढा. विजेचा झटका तिच्यातूनही आत येतो.